उसने अवजार

सुताराचा रंधा आणि शिंप्याची कात्री ही त्यांच्या धंद्याची अब्रू समजली जाते. शेजारधर्म म्हणून पीठमीठ उसने द्यावे, लग्नकार्यात भांडी द्यावीत, पाहुण्यांसाठी अंथरूण द्यावे. परंतु चालते हत्यार परक्या हाती देताना कारागिराचा हात अडखळतो, आणि मागणाऱ्यालाही ते मागताना संकोच वाटतो. कारण उघड आहे. ज्याच्या मालकीचे अवजार, त्याच्या मर्जीवर काम. या जुन्या व्यवहारज्ञानाची आठवण करून देणारी एक हकीकत सुतारशाळेतील नाही, संगणकाच्या क्षेत्रातील आहे. तिचा नायक एक प्रोग्रॅमर आहे आणि तिच्यातील अवजार लाकूड तासण्याचे नसून, हजारो लोकांनी मिळून लिहिलेला मजकूर सांभाळण्याचे आहे.

लिनस टॉरवाल्ड्स हे या प्रोग्रॅमरचे नाव. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना, वयाच्या २१व्या वर्षी, त्यांनी संगणक चालविणाऱ्या प्रणालीचा गाभा हौसेखातर लिहावयास घेतला. संगणकाची स्मृती, त्याचा पडदा, कळफलक आणि तबकड्या या सर्वांना शिस्तीत वागविणारा जो कारभारी असतो, तो हा गाभा. २५ ऑगस्ट रोजी त्यांनी आपल्या उद्योगाची वार्ता समव्यवसायींस कळविली आणि लवकरच मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला. हाच लिनक्स होय. पुढील वर्षी त्यास जो परवाना लावण्यात आला त्याचा इत्यर्थ असा : कोणीही हा मजकूर वाचावा, बदलावा, वाटावा, मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देणाराने तिचा मूळ मजकूरही त्याच अटीवर दिला पाहिजे. आज मराठी घराघरांतून जे अँड्रॉइड फोन वाजतात, त्यांच्या पोटात हाच गाभा आहे.

मजकूर खुला झाल्यावर देशोदेशीचे लोक त्यात सुधारणा सुचवू लागले. ही सुधारणा पाठविण्याची रीत मोठी सुटसुटीत होती. संपूर्ण प्रत पाठवावयाची नाही. कोणती ओळ काढली आणि तिच्या जागी कोणती घातली, एवढेच टिपण टपालाने धाडावयाचे. या टिपणास ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात. लॅरी वॉल या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९८५ साली लिहिलेला त्याच नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम अशी ठिगळे आपोआप योग्य जागी बसवितो. टॉरवाल्ड्स आलेले प्रत्येक ठिगळ वाचीत, पसंत पडल्यास जोडीत, न पडल्यास बाजूस सारीत.

पोथ्यांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांस या कामाचे स्वरूप समजावयास वेळ लागू नये. एका ग्रंथाच्या गावोगाव नकला होतात, नकलाकार कोठे शब्द गाळतो, कोठे स्वतःची ओवी घालतो, आणि तीनशे वर्षांनी मूळ पाठ कोणता हेच कळेनासे होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली ती १९१९ साली, आणि ती पूर्णत्वास गेली १९६६ साली. परंतु तेथे ग्रंथकर्ते काळाच्या पडद्याआड गेलेले होते. पाठ ताडणाऱ्यास निवांतपणा होता. लिनक्सचा ग्रंथ जिवंत होता. एकाच दिवशी शंभर हात त्यात शंभर ठिकाणी फेरफार करीत आणि दुसऱ्या दिवशी त्या सर्वांचा मेळ घालावा लागे.

१९९८च्या सुमारास या मेळाचा भार एका माणसास पेलवेनासा झाला. पाठविलेली ठिगळे हरवू लागली, तीच तीच पुन्हा धाडावी लागत, आणि सहकाऱ्यांत कुरबुर वाढली. बदलांची नोंद ठेवणारी अवजारे त्या काळी नव्हती असे नाही. सीव्हीएस नावाचे एक अवजार सर्रास वापरात होते. परंतु त्यात मूळ वही एकाच ठिकाणी असे, आणि तीत लिहिण्याची मुभा ज्यांस दिलेली असेल त्यांनीच लिहावे असा दंडक होता. त्यामुळे कामकऱ्यांत आतले आणि बाहेरचे अशा दोन जाती पडत. टॉरवाल्ड्स यांस हे पसंत नव्हते. त्यांना असे अवजार हवे होते की, ज्यात प्रत्येकाजवळ सबंध इतिहासासह पूर्ण वही असावी, प्रत्येकाने आपापल्या घरी लिहावे आणि ज्याचे काम उत्तम दिसेल त्याचे दुसऱ्याने घ्यावे.

असे अवजार लॅरी मॅकव्हॉय या कुशल प्रोग्रॅमरने तयार केले. त्याचे नाव बिटकीपर. मात्र ते खुले नव्हते. मॅकव्हॉय यांची कंपनी ते विकून आपल्या माणसांचे पगार भागवीत असे. खुल्या कामासाठी त्यांनी ते विनामूल्य देऊ केले, पण अटीवर. आणि त्यांतील एक अट अशी की, फुकट प्रत वापरणाराने त्याच्याशी स्पर्धा करणारे अवजार घडविण्यात भाग घेऊ नये. फेब्रुवारी २००२ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी ते स्वीकारले.

त्या दिवसापासून लिनक्सच्या मंडळींत दोन तट पडले. खुल्या मजकुराचा जगातील सर्वांत मोठा संसार एका बंद अवजारावर चालावा, ही गोष्ट पुष्कळांस खटकली. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यावर कठोर टीका केली. टॉरवाल्ड्स यांचे म्हणणे व्यवहारी माणसाचे होते. कामास जे उत्तम ते वापरावे. खुले आणि तितकेच चांगले अवजार कोणी पुढे आणल्यास तेही घेऊ. या युक्तिवादात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. बिटकीपरमुळे कामास शिस्त आली, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, अशा अवजाराने कसे काम करावे हे टॉरवाल्ड्स शिकले. परंतु उसन्या वस्तूची गोडी ती मागे मागितली जाईपर्यंतच असते.

ती वेळ २००५ साली आली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल हे या क्षेत्रातील एक नामांकित नाव. निरनिराळ्या जातींच्या संगणकांस परस्परांच्या फायली वाचता याव्यात म्हणून सांबा हा प्रोग्रॅम त्यांनी निर्माण केला होता. दोन संगणक एकमेकांशी जे बोलतात ते बाहेरून ऐकून त्यांची बोली शिकावयाची, ही त्यांची हातोटी. बिटकीपर स्वतः न वापरता, त्यात साठलेला लिनक्सचा इतिहास बाहेर काढता यावा, असा एक लहान प्रोग्रॅम त्यांनी लिहावयास घेतला. मॅकव्हॉय यांस हा करारभंगाचा मागील दाराने केलेला प्रकार वाटला. ट्रिजेल यांनी तर कोणताही करार मान्य केलेला नव्हता. विशेष हे की, टॉरवाल्ड्स आणि ट्रिजेल हे दोघेही त्या वेळी एकाच संस्थेच्या वेतनावर होते. मध्यस्थी फसली आणि एप्रिल २००५ मध्ये विनामूल्य प्रत मागे घेण्यात येत असल्याचे जाहीर झाले. तीन वर्षांची घडी एका आठवड्यात विस्कटली.

त्याच महिन्याच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे लिनक्सवाल्यांची वार्षिक परिषद भरली होती. ही परिषद दर वर्षी नव्या गावी भरे आणि तिची व्यवस्था स्वयंसेवक पाहत. कॅनबेरा आणि टॉरवाल्ड्स यांचा ऋणानुबंध जुना. १९९३ साली तेथील प्राणिसंग्रहालयात एका चिमुकल्या पेंग्विनने आपल्या हाताचा चावा घेतल्याची आठवण ते सांगतात, आणि पेंग्विन हे पुढे लिनक्सचे बोधचिन्हच झाले. २००५च्या परिषदेत ट्रिजेल व्याख्यानास उभे राहिले. सर्वांच्या मनात एकच प्रश्न होता : या गृहस्थाने असे कोणते गुह्य फोडले? ट्रिजेल यांनी सर्वांसमक्ष बिटकीपरच्या एका सर्व्हरशी दूरसंभाषणाच्या साध्या प्रोग्रॅमने जोडणी केली आणि ‘मदत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द टाइप केला. सर्व्हरने आपणास कळणाऱ्या आज्ञांची यादी निमूटपणे पडद्यावर मांडली. पुढे काय टाइप करावयाचे हे श्रोतेच ओरडून सांगू लागले, आणि सभागृह हास्यात बुडाले. ज्यास जादूटोणा म्हणून दूषणे दिली जात होती, ते दार मुळी लोटलेलेच होते.

अशा परिषदांचे महत्त्व येथे दिसून येते. हे लोक वर्षभर एकमेकांस पत्रांतून भेटतात. पत्रातला शब्द रुक्ष असतो, कित्येकदा धारदार असतो, आणि त्यामागील चेहरा दिसत नसल्याने संशयास वाव राहतो. कॅनबेराच्या त्या एका तासाने ट्रिजेल यांची बाजू सर्वांस पटली असे नाही. टॉरवाल्ड्स यांनी त्यांस उघड दोष दिला होता. पण केलेली गोष्ट नेमकी काय होती, हे शेकडो लोकांनी डोळ्यांनी पाहिले. वादास कुजबुजीतून उजेडात आणण्याचे काम सभाच करू शकते.

इकडे टॉरवाल्ड्स यांनी हात बांधून बसण्याचे नाकारले. त्या वेळी उपलब्ध असलेली खुली अवजारे त्यांनी पारखली. त्यांपैकी मोनोटोन या अवजारातील कल्पना त्यांस आवडली, पण त्याची गती लिनक्सच्या पसाऱ्यास पुरणारी नव्हती. तेव्हा लिनक्सचे काम थांबवून ३ एप्रिल रोजी त्यांनी स्वतःच नवे अवजार लिहावयास बसकण मारली. ७ एप्रिल रोजी ते स्वतःचाच इतिहास नोंदवू शकेल इतके तयार झाले. त्यास त्यांनी गिट हे नाव दिले. इंग्लंडच्या बोलीत या शब्दाचा अर्थ नाठाळ माणूस असा होतो. आपण आपल्या निर्मितीस आपलेच नाव देतो, असा विनोद त्यांनी यावर केला. पहिल्या नोंदीत अवघ्या हजार-बाराशे ओळी होत्या.

गिटची मुख्य कल्पना जमाखर्चाच्या वहीवरून ध्यानी येईल. मुनीम प्रत्येक पानाची बेरीज करतो आणि ती पुढील पानाच्या माथ्यावर ओढतो. कोणी दहा पाने मागे जाऊन एक आकडा बदलला, तर पुढची प्रत्येक बेरीज चुकते आणि लबाडी उघडकीस येते. गिट प्रत्येक मजकुरापासून गणिताने ४० अक्षरांचा एक ठसा काढते. मजकुरात एका स्वल्पविरामाचा फरक पडला, तरी ठसा पार निराळा होतो. प्रत्येक नव्या नोंदीत मागील नोंदीचा ठसा गुंफलेला असतो. त्यामुळे ज्याच्याजवळ शेवटचा ठसा आहे, त्याच्याजवळ संपूर्ण इतिहासाची खातरजमा आहे. शिवाय पूर्ण वही प्रत्येकाच्या घरी. एक सर्व्हर जळाला तरी हजार प्रती शिल्लक. उसने अवजार काढून घेतल्याने ज्याचे तोंड पोळले, त्याने घडविलेल्या वस्तूत मालकच उरू नये, ही दक्षता मुळातच घेतलेली दिसते. जून २००५ मध्ये लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या साहाय्याने प्रसिद्ध झाली.

यापुढील गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी असली, तरी तिचे मोल मोठे आहे. जुलै २००५च्या अखेरीस, म्हणजे चार महिनेही पुरे होण्यापूर्वी, टॉरवाल्ड्स यांनी गिटचा कारभार जुनिओ हमानो या प्रोग्रॅमरच्या स्वाधीन केला. हमानो यांची ठिगळे वारंवार येत होती आणि त्यांतील जाण टॉरवाल्ड्स यांनी हेरली होती. आपण निर्माण केलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देणे हे निर्मात्यास जड जाते. ज्याने ते वेळेवर केले त्याची वस्तू टिकली. २०२५ साली गिटला २० वर्षे झाली, तेव्हाही कारभार हमानो यांच्याकडेच होता.

मजकूर सुरक्षित झाला, माणसांचे काय? हा प्रश्न २०११ साली पुढे ठाकला. लिनक्सचा मजकूर जेथून वाटला जातो, त्या मुख्य सर्व्हरमध्ये परक्यांनी शिरकाव केल्याचे त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात आढळले आणि तो सुमारे महिनाभर बंद ठेवावा लागला. गिटच्या ठशांमुळे इतिहासात कोणासही गुपचूप फेरफार करणे शक्य नव्हते, कारण हजारो प्रती साक्षीस उभ्या होत्या. परंतु उद्या एखाद्या ओळखीच्या नावाने नवे काम येईल, ते त्याच माणसाचे आहे कशावरून? ठसा मजकुराची साक्ष देतो, माणसाची देत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्राग शहरी लिनक्सच्या प्रमुख मंडळींची परिषद भरली, तेव्हा तेथे एक आगळा विधी पार पडला. प्रत्येकाची स्वतःची एक गुप्त गणिती किल्ली असते, आणि तिची जोडकिल्ली जगजाहीर असते. अशा विधीत प्रत्येकाने आपल्या जोडकिल्लीची खूण लिहून आणावयाची, दुसऱ्याने त्याचे पारपत्र आणि चेहरा ताडून पाहावयाचा, आणि ‘ही किल्ली याच माणसाची’ अशी आपली सही तीवर करावयाची. जगातील अत्यंत प्रगत यंत्रांवर काम करणाऱ्या या लोकांस शेवटी समोरासमोर बसून एकमेकांची ओळख पटवावी लागली. गावच्या पंचांपुढे साक्षीदार उभा करण्याची पद्धत यापेक्षा फारशी वेगळी नसे.

माणसाचा प्रश्न दुसऱ्या रूपानेही पुढे आला. टॉरवाल्ड्स यांची पत्रे तिखट असत आणि त्यांनी दुखावलेली माणसे थोडी नव्हती. २०१८ साली प्रमुखांच्या बैठकीच्या तारखांवरच त्यांनी कुटुंबासह प्रवासाचा बेत ठरविला. आपल्यावाचून बैठक व्हावी असे त्यांनी सुचविले, तर मंडळींनी बैठकच व्हँकुव्हरहून एडिंबरोस हलविली. या प्रकरणाने ते अंतर्मुख झाले. त्या सप्टेंबरात त्यांनी आपल्या वर्तनाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली, काही काळ रजा घेतली, आणि ऑक्टोबरात ते परत कामावर रुजू झाले. सहकाऱ्यांच्या मनावरील ओरखडे नोंदविण्याची सोय कोणत्याही अवजारात नाही. ती जाणीव माणसांच्या मेळाव्यातच होते.

उसन्या अवजाराचा प्रश्न मात्र मिटला असे समजू नये. २००८ साली गिटहब ही सेवा सुरू झाली. गिटच्या वह्या एका जागी ठेवण्याची आणि त्यांवर चर्चा करण्याची तिने इतकी उत्तम सोय केली की, खुल्या मजकुराचा फार मोठा भाग तेथे गोळा झाला. २०१८ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतली. वही प्रत्येकाच्या घरी असल्याने ती कोणी हिरावून घेऊ शकत नाही. परंतु वहीभोवती झालेली चर्चा, तक्रारी आणि त्यांची उत्तरे मालकाच्या दारात राहतात. हा धोका ओळखून वागणारेही आहेत. २०२० साली साथीमुळे परिषदा प्रत्यक्ष भरणे अशक्य झाले, तेव्हा लिनक्स प्लंबर्स या परिषदेच्या चालकांनी दूरदृश्य सभेसाठी बाजारातील तयार सेवा न घेता बिगब्लूबटन हे खुले साधन निवडले आणि ते स्वतः चालविले. त्यात कष्ट अधिक होते. पण अवजार आपले होते. आणि काळाचा महिमा असा की, ज्या बिटकीपरवरून एवढे रामायण घडले, तेही २०१६ साली खुल्या परवान्याखाली सर्वांस देण्यात आले. तोवर जग गिटकडे वळून चुकले होते.

या हकीकतीत कोणी खलपुरुष नाही. मॅकव्हॉय यांनी आपल्या श्रमाचे मोल मागितले, ट्रिजेल यांनी कुतूहलाचा हक्क बजावला, टॉरवाल्ड्स यांनी कामाची निकड पाहिली. तिघांचीही बाजू समजण्यासारखी आहे, आणि म्हणूनच तिच्यातून निघणारा बोध अधिक भक्कम आहे. देणाऱ्याचे मन कितीही मोठे असो, अटीवर मिळालेले अवजार एक दिवस परत करावे लागते. तेव्हा अनेकांनी मिळून जे काम उभारावयाचे, त्याचे अवजारही त्या अनेकांच्याच मालकीचे असले पाहिजे. वाचनालयाची यादी असो, सहकारी पतपेढीचा हिशेब असो, की एखाद्या भाषेचा शब्दकोश असो, जेथे जेथे सामायिक ठेवा संगणकावर चढविला जात आहे, तेथे तेथे हा प्रश्न आरंभीच विचारला जावा : उद्या ही सोय बंद झाली, तर आपली वही आपल्या हाती राहील काय? आणि तितक्याच अगत्याने दुसराही प्रश्न विचारावा : ही वही लिहिणारी माणसे वर्षातून एकदा तरी एका छपराखाली बसतात काय?